प्रत तपासा, मग घाबरा

वाचकांचे प्रश्न : जुने स्पॅनिश गॉथिक भयपट

पडके मठ, जुने शाप आणि व्हँपायर यांच्या या गॉथिक चित्रपटांवरचे प्रश्न बरेच दिवस साठत होते. जे पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र घेतले आहेत. चित्रपटांची नावं शक्यतो मूळ स्पॅनिशच दिली आहेत, कारण यातल्या एकेका चित्रपटाला इंग्रजीत तीन-चार नावं चिकटलेली असतात आणि शोधताना हमखास घोटाळा होतो.

प्रश्न : ब्रिटिश हॅमर कंपनीचे ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन पाहून झाले. आता स्पॅनिश भयपटांकडे वळायचं आहे. यादी पाहिली तर शंभर नावं. सुरुवात कुठून करू?

हॅमरवरून येताय, तर 'पानिको एन एल त्रान्सिबेरिआनो' (१९७२) घ्या. इंग्रजीत तो 'हॉरर एक्सप्रेस' म्हणून मिळतो. दिग्दर्शक एउखेनिओ मार्तिन स्पॅनिश, चित्रीकरण स्पेनमधलं, पण क्रिस्टोफर ली आणि पीटर कुशिंग हे दोघं तुमच्या ओळखीचे. १९०६ साल, सायबेरिया ओलांडणारी आगगाडी आणि सामानाच्या डब्यात मंचुरियातून आणलेला एक प्राचीन देह. उत्तरार्धात टेली सवालास कोसॅक कप्तान होऊन डब्यात शिरतो आणि पंधरा-वीस मिनिटं चित्रपट खिशात घालतो.

दुसरा 'ला रेसिदेन्सिया' (१९६९). एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधली मुलींची निवासी शाळा, छडी न विसरणारी मुख्याध्यापिका (लिली पामर) आणि एकेक करून नाहीशा होणाऱ्या मुली. भूत नाही, राक्षस नाही. नार्सिसो इबान्येस सेरादोरने यातला पहिला खून संथ गतीत, एकावर एक विरघळणाऱ्या चित्रांतून दाखवला आहे. किंकाळीसुद्धा ओढली गेल्यासारखी ऐकू येते. या सगळ्या परंपरेत सर्वांत नीट बांधलेला चित्रपट हाच.

तिसरा लेओन क्लिमोव्स्कीचा 'ला नोचे दे वालपुर्गिस' (१९७१). चौथा आमांदो दे ओस्सोरिओचा 'ला नोचे देल तेर्रोर सिएगो' (१९७२). त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. पाचवा विसेंते आरांदाचा 'ला नोविआ एन्सान्ग्रेन्तादा' (१९७२). शेरिडन ले फानूची 'कार्मिला' ही व्हँपायरची गोष्ट नवविवाहित जोडप्यात आणून बसवली आहे. समुद्रकिनाऱ्यावर नवऱ्याला वाळूतून वर आलेली, पाणबुडे श्वास घ्यायला वापरतात तसली नळी दिसते. तो उकरत जातो, तर खाली जिवंत बाई. हा प्रसंग एकदा पाहिला की डोक्यातून जात नाही.

इतिहासाच्या क्रमाने पाहिलं तर पहिला मान हेसुस फ्रांकोच्या 'ग्रितोस एन ला नोचे'चा (१९६२). स्पॅनिश भयपटाची सुरुवात साधारण तिथून धरतात. मुलीचा विद्रूप चेहरा दुरुस्त करण्यासाठी बायकांची कातडी चोरणारा डॉक्टर ऑर्लोफ आणि त्याचा आंधळा नोकर मोर्फो यांची ही गोष्ट. कृष्णधवल आहे आणि आजही झकास दिसतो. तरीही तो सहावा ठेवा. एक फ्रांको आवडला की माणूस लगेच दुसरा शोधतो, आणि या गृहस्थाने दीडशेहून अधिक चित्रपट केले आहेत. त्यातले पुष्कळसे घाईघाईत उरकलेले. चुकीचा हाताला लागला तर अख्ख्या परंपरेबद्दल मत बिघडतं.

जाता जाता : एडगर नेव्हिलचा 'ला तोर्रे दे लोस सिएते होरोबादोस' (१९४४) मिळाला तर सोडू नका. माद्रिदच्या पोटात कुबड असलेल्या माणसांचा अड्डा बनलेलं भुयारी शहर आहे त्यात. भीतीपेक्षा गंमतच जास्त, पण तेव्हाच्या स्पेनमध्ये असलं काही निघालं हेच नवल.

प्रश्न : 'टूम्ब्ज ऑफ द ब्लाइंड डेड'ची एवढी कीर्ती ऐकून पाहायला बसलो. मिळालेली प्रत सव्वातास-दीड तासाची होती. सुरुवातीलाच सगळं रहस्य उघड, घोडे विचित्र सरकतात, आणि संपूर्ण चित्रपट सुस्त. लोकांना यात काय दिसतं?

तुम्ही पाहिलात तो वेगळाच चित्रपट. मूळ स्पॅनिश 'ला नोचे देल तेर्रोर सिएगो' सुमारे १०० मिनिटांचा आहे. इंग्रजी बाजारासाठी त्याची जी कापलेली आवृत्ती निघाली, तिच्यात रक्त आणि शरीरसंबंधांचे प्रसंग छाटले. शिवाय टेम्प्लर सरदारांच्या (मध्ययुगातले ख्रिस्ती धर्मयोद्धे) रक्तपिपासू विधीचा पूर्वेतिहास, जो मूळ चित्रपटात बऱ्याच उशिरा येतो, तो उचलून अगदी सुरुवातीला नेऊन ठेवला. मूळ रचनेत आधी ओसाड मठ दिसतो, मग मृत्यू, आणि 'हे कोण?' याचं उत्तर नंतर. कापलेल्या प्रतीत उत्तर आधी मिळतं आणि पुढचा तास नुसती वाट पाहण्यात जातो. अमेरिकेत तर एका वितरकाने नवीन प्रास्ताविक जोडून हे आंधळे मुडदे माणसांचे नसून वानरांचे आहेत असं ठोकून दिलं होतं. वानरांच्या ग्रहावरचे चित्रपट तेव्हा जोरात चालत होते ना!

पाहण्याआधी लांबी तपासा. पण एक हिशेब लक्षात ठेवा. युरोपातल्या जुन्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं धावतात, म्हणून चित्रपट सुमारे चार टक्क्यांनी लवकर संपतो आणि आवाजाचा स्वर किंचित चढतो. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांचा दिसला तर घाबरू नका, काही कापलेलं नाही. मूळ लांबीला ०.९६ ने गुणा. उत्तर जुळलं तर प्रत पूर्ण. त्याहून पाच-दहा मिनिटं कमी भरली, की कात्री लागलेली समजा.

आता घोडे. ओस्सोरिओने घोडेस्वारांचे प्रसंग संथ गतीत घेतले. कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा आणि फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवायची, म्हणजे टाप जमिनीवर पडायला वेळ लागतो, धूळ तरंगत राहते. आजचे टीव्ही मात्र चित्र 'गुळगुळीत' करण्यासाठी दोन फ्रेमच्या मध्ये आपल्या मनचे फ्रेम घुसवतात. संथ गतीच्या चित्रावर हा प्रयोग झाला की घोडे पाण्यावरून घसरल्यासारखे दिसतात आणि सरदारांच्या फाटक्या झग्यांच्या कडा वितळतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग पूर्ण बंद करा. कंपनीगणिक त्याला वेगळं नाव असतं. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावला की बहुतेक वेळा ते आपोआप बंद होतं. शार्पनेस आणि नॉइज रिडक्शनही उतरवा. फिल्मचा दाणा (चित्रातली बारीक खरखर) पुसला गेला की धुकं मेणासारखं दिसतं, आणि या चित्रपटात धुकं हेही एक पात्रच आहे.

सुस्तीबद्दल. आगगाडीतून उडी मारून निघालेली व्हर्जिनिया ओसाड मठात रात्र काढते तो भाग पुन्हा पाहा, आणि दिवे मालवून पाहा. कित्येक मिनिटं संवाद नाही. ती झोपायच्या पिशवीत शिरते. बाहेर थडग्यांवरचे दगड सरकू लागतात, फटींतून धूर येतो, मग बोटं. सांगाड्यांच्या चेहऱ्यांवर दाढीचे झुपके अजून शिल्लक. डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या, कारण फाशी दिलेल्या या सरदारांचे डोळे कावळ्यांनी टोचून खाल्ले आहेत. आंधळे असल्यामुळे ते आवाजावर माग काढतात. म्हणजे पडद्यावरच्या माणसाने श्वास रोखणं हाच इथला पाठलाग. ही गोष्ट कळली की संथपणा खटकत नाही, उलट त्या शांततेत आपणच खुर्चीची करकर होऊ देत नाही. आंतोन गार्सिआ आब्रिलच्या संगीतातली मंत्रासारखी पुटपुट आणि कण्हणं टीव्हीच्या बारक्या स्पीकरमधून हरवतं. हेडफोन लावा.

हे झोंबी नव्हेत, असा ओस्सोरिओचा आग्रह असे आणि तो बरोबर होता. ही मंडळी झोंबीपेक्षा ममीच्या आणि व्हँपायरच्या नात्यातली. चित्रपटाआधी गुस्ताव्हो आदोल्फो बेकेरची 'एल मोन्ते दे लास आनिमास' ही १८६१ ची छोटी कथा वाचून घ्या. सोरियाजवळच्या डोंगरावर मृतात्म्यांच्या रात्री टेम्प्लरांचे सांगाडे उठतात, ही कल्पना तिथे आधीच आहे.

पुढे तीन भाग निघाले : १९७३, १९७४ आणि १९७५ साली. दुसरा चांगला वेगवान आहे, पण त्यात डोळे कावळ्यांनी नव्हे तर मशालींनी गेलेले. मालिकेत मेळ शोधू नका. तिसऱ्यात सगळं एका जहाजावर घडतं आणि ते जहाज दुरून दाखवलं की बादलीत सोडलेलं खेळणं वाटतं. चौथा उदास आणि चांगला.

प्रश्न : स्पॅनिश आवाज निवडला तरी ओठ जुळत नाहीत, इंग्रजी निवडला तरी नाहीत. मग मूळ भाषा कोणती?

बहुतेक वेळा ओठ जुळतील अशी मूळ भाषा नसतेच. त्या काळी स्पेन-इटलीकडे चित्रीकरणाच्या वेळचा आवाज अंतिम चित्रपटात वापरायची पद्धत नव्हती. सगळा आवाज नंतर स्टुडिओत भरला जाई. त्यात सहनिर्मिती. पैसा स्पेनसोबत इटली, जर्मनी, फ्रान्स किंवा पोर्तुगालचा, त्यामुळे एकाच प्रसंगात एक नट स्पॅनिश बोलतोय, दुसरी नटी जर्मन, तिसरा नुसते आकडे म्हणतोय असंही चालून जाई.

तेव्हा भाषा चित्रपटागणिक ठरवा. 'पानिको एन एल त्रान्सिबेरिआनो' इंग्रजीतच पाहा. ली आणि कुशिंगचे आवाज त्यांचे स्वतःचे आहेत, ते घालवण्यात अर्थ नाही. 'ला रेसिदेन्सिया'ही इंग्रजीत चित्रित झाला, म्हणून तिथेही इंग्रजी. ओस्सोरिओचे, क्लिमोव्स्कीचे आणि लेखक-नट पॉल नाशीचे चित्रपट मात्र स्पॅनिशमध्ये, सबटायटल्स लावून. इंग्रजी डबिंग करणारे बहुधा दोन-चारच कलाकार असत. तोच आवाज म्हाताऱ्या सरदाराचा, तोच गाडीवानाचा, आणि गंभीर शाप ऐकताना हसू फुटतं. स्पॅनिश डबिंगवाले मात्र कसलेले होते, कारण परदेशी चित्रपट डब करण्याची तिथे १९४० च्या दशकापासून मोठी परंपरा होती. गंमत अशी, की खुद्द नाशीला स्पॅनिश आवृत्तीतही अनेकदा दुसऱ्याचाच आवाज आहे.

सबटायटल्सची एक चाचणी : पात्र लांबलचक बोलतंय आणि खाली दोन शब्द, किंवा पात्र गप्प आणि खाली वाक्य. असं झालं तर ती सबटायटल्स स्पॅनिश संवादांची नाहीत, इंग्रजी डबिंगची आहेत, आणि दोन्ही संहितांत फरक असतो. नावं, नाती, कधी सालसुद्धा बदललेलं असतं. चांगल्या डिस्कवर स्पॅनिश आणि इंग्रजी आवाजासाठी सबटायटल्स वेगवेगळी दिलेली असतात. मेनूत तपासून निवडा.

इंग्रजीत चालू असलेला चित्रपट मध्येच पाव मिनिट स्पॅनिशमध्ये गेला तर प्लेअर बिघडलेला नाही. तो तुकडा इंग्रजी आवृत्तीत कापलेला होता, त्यामुळे त्याचं डबिंग झालंच नव्हतं. पुन्हा जोडताना मूळ आवाज ठेवला. कात्री नेमकी कुठे चालली होती हे अशाने फुकटात कळतं.

प्रश्न : व्हँपायर भर दुपारी स्मशानात फिरतात! दिग्दर्शकाला एवढंही कळू नये?

दिग्दर्शकाला कळत होतं. तुमच्या प्रतीला कळलेलं नाही. रात्री मोकळ्या माळावर दिवे लावून चित्रीकरण करणं महाग. म्हणून दिवसा, कॅमेऱ्यात कमी प्रकाश घेऊन, निळसर फिल्टर लावून चित्रीकरण करायचं आणि प्रयोगशाळेत प्रिंट आणखी काळोखी करायची. स्पेनमध्ये या युक्तीला 'नोचे अमेरिकाना', अमेरिकन रात्र, म्हणतात. शेवटची पायरी प्रयोगशाळेतली असल्यामुळे, पुढे कोणी निगेटिव्हवरून डिस्क करताना ती विसरला की रात्रीची दुपार होते.

ओळखायची खूण : जमिनीवर धारदार, आखूड सावल्या, आणि पात्राच्या हातात पेटलेला कंदील. टीव्हीचा ब्राइटनेस खाली ओढून काही साधत नाही. काळा रंग चिकट होतो आणि आतल्या प्रसंगांतले चेहरे बुडतात. फारच खुपलं तर तेवढ्या प्रसंगापुरता बॅकलाइट उतरवा. खरा उपाय दुसरी प्रत.

काही ठिकाणी मात्र ऊन मुद्दाम आहे. हेसुस फ्रांकोच्या 'वाम्पिरोस लेस्बोस'मध्ये (१९७१) व्हँपायर बाई खुशाल उन्हात पडून असते. आणि ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युलाही दिवसा बाहेर पडतोच. ऊन लागताच राख होणं ही सिनेमाची देणगी.

प्रश्न : चित्रपट स्पॅनिश, पण गोष्ट फ्रान्समध्ये, ट्रान्सिल्व्हेनियात किंवा कुठल्याशा धुकट देशात, आणि नायक पोलिश. आपल्याच देशाची लाज वाटत होती का?

लाज नव्हे, सेन्सॉर. स्पेनचा हुकूमशहा जनरल फ्रांको याची राजवट १९७५ पर्यंत टिकली. त्याचा दिग्दर्शक हेसुस फ्रांकोशी काही संबंध नाही, हा खुलासा दर वेळी करावा लागतो. पटकथा आधी मंजूर करून घ्यायची, तयार चित्रपट पुन्हा दाखवायचा. काय चालेल नि काय नाही याचे लेखी नियम १९६३ मध्ये आले, आणि सेन्सॉर अधिकृतपणे गेला १९७७ च्या नोव्हेंबरात. कॅथलिक, सुव्यवस्थित स्पेनमध्ये विकृत सरदार, सैतानाचे विधी, रक्तपिपासू जमीनदार कसे असतील? परदेशात मात्र खुशाल असावेत. 'ला मार्का देल ओम्ब्रे लोबो'मधला (१९६८) लांडगामाणूस वाल्देमार दानिन्स्की पोलिश झाला तो यामुळेच. सेन्सॉरला स्पॅनिश लांडगामाणूस चालत नव्हता, असं त्याचा लेखक आणि नट पॉल नाशी सांगत असे. नावाचीही तीच तऱ्हा. नाशीचं खरं नाव हासिंतो मोलिना, माद्रिदचा वेटलिफ्टर. परदेशी वितरणाला स्पॅनिश नाव नको म्हणून पोप पॉल सहाव्यांचं 'पॉल' घेतलं आणि इमरे नॉज या हंगेरियन वेटलिफ्टरच्या आडनावावरून 'नाशी' केलं.

दुसरा परिणाम जास्त व्यवहाराचा आहे : एकाच प्रसंगाच्या दोन आवृत्त्या. स्पेनसाठी नटी कपड्यांत, निर्यातीसाठी विवस्त्र. दोन्ही लागोपाठ चित्रित व्हायच्या. म्हणून तुम्ही वाचलेलं परीक्षण आणि तुम्ही पाहिलेली प्रत यांत फरक पडतो आणि दोघंही खरे असतात. निर्यात आवृत्ती नेहमीच 'पूर्ण' असते असं मात्र धरू नका. तिथे अंगप्रदर्शन वाढवताना संवाद आणि वातावरणाचे तुकडे गाळलेले असतात. सोवळी स्पॅनिश प्रत कधी कधी लांबीने जास्त आणि गोष्टीने चोख निघते.

'ला रेसिदेन्सिया'त मुली अंघोळीला फवाऱ्याखाली उभ्या राहतात त्या अंगात गाऊन घालूनच. सेन्सॉरची अडचण दिग्दर्शकाने शाळेच्याच शिस्तीत घालून टाकली, आणि तो प्रसंग उघड्या अंगापेक्षा जास्त घुसमटवणारा झाला. बंधनातून काही चांगलं निघालं याचं याहून नेमकं उदाहरण या चित्रपटांत नाही.

सगळे स्पेनबाहेर पळाले असंही नाही. पेद्रो ओलेआच्या 'एल बोस्के देल लोबो'त (१९७०) गालिसियाचा रानटी मुलूखच आहे. एकोणिसाव्या शतकातला खुनी फेरीवाला मानुएल ब्लान्को रोमासान्ता, ज्याने आपण लांडगा होतो असं न्यायालयात सांगितलं, त्याच्यावरून हे पात्र बेतलेलं. केसाळ मुखवटा नाही, जादू नाही. गॉथिकपेक्षा जास्त कोरडा आणि कडू.

प्रश्न : दानिन्स्कीचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत?

कुठल्याही. मागच्या भागात मेला म्हणून पुढच्यात येणार नाही असं नाही, आणि तो लांडगा कसा झाला याचं कारणही दर वेळी नवं. 'ला मार्का'त दुसरा लांडगामाणूस चावतो, 'ला फुरिया देल ओम्ब्रे लोबो'त हिमालयातला यती, 'एल रेतोर्नो दे वालपुर्गिस'मध्ये (१९७३) थेट पूर्वजांना मिळालेला शाप. कायम एवढंच, की तो मुळात भला माणूस आहे, आणि सुटका बहुधा त्याच्यावर प्रेम करणाऱ्या स्त्रीच्याच हातून, चांदीने.

पहिला म्हणून 'ला नोचे दे वालपुर्गिस' घ्या. सुरुवातच फक्कड. दोन डॉक्टर प्रेताच्या छातीतून चांदीच्या गोळ्या काढतात, अंधश्रद्धा म्हणून हसतात, आणि प्रेत उठतं. यातल्या व्हँपायर स्त्रिया धुक्यातून संथ गतीत तरंगत येतात, पायांचा आवाजही नाही. क्लिमोव्स्कीचं सर्वांत देखणं काम ते. मग 'एल रेतोर्नो दे वालपुर्गिस', आणि गोडी लागली तर 'ला मार्का'.

'ला मार्का' घेताना जपून. तो ७० मिमी आणि त्रिमितीसाठी चित्रित झालेला, म्हणून वस्तू सारख्या कॅमेऱ्याच्या अंगावर येतात. साध्या प्रतीत ते बावळट दिसतं. अमेरिकेत त्याचं नाव 'फ्रँकेन्स्टाइन्स ब्लडी टेरर'. वितरकाला फ्रँकेन्स्टाइनचा चित्रपट देणं भाग होतं, म्हणून सुरुवातीला चित्रमालिका जोडून फ्रँकेन्स्टाइन घराण्याचंच पुढे वुल्फस्टाइन झालं असं सांगून टाकलं. फ्रँकेन्स्टाइन शोधत बसू नका, तो येत नाही.

प्रश्न : 'हॉरर एक्सप्रेस' फुकट सगळीकडे दिसतो. तोच पाहिला तर?

पाहू नका. अमेरिकेत त्याचे हक्क सांभाळले गेले नाहीत आणि तो सार्वजनिक झाला. त्यामुळे कोणीही कशाही टेपवरून प्रत काढली. अर्धा चित्रपट मंद दिव्याच्या डब्यांत घडतो आणि बळींचे डोळे पांढरेफटक होतात हा त्याचा हुकमी धक्का. धुरकट प्रतीत तोच दिसत नाही. अ‍ॅरो या कंपनीने काढलेली ब्लू-रे चांगली आहे. त्यांचीच 'ला रेसिदेन्सिया'ही घेण्याजोगी. मात्र मागवण्यापूर्वी डिस्कवरचा विभाग पाहा. अमेरिकेची ब्लू-रे बहुधा 'ए', युरोपची 'बी', आणि एकाच विभागाचा प्लेअर दुसरी वाजवत नाही.

'ला रेसिदेन्सिया' रुंद पडद्याचा आहे. जुन्या चौकोनी टीव्ही प्रतीत बाजू कापलेल्या असतात. दोन पात्रांचं बोलणं चालू असताना पडद्यावर दोन नाकं आणि मध्ये रिकामी भिंत दिसली, की ती प्रत बाजूला ठेवा.

प्रश्न : १९३१ चा स्पॅनिश 'द्राकुला' या परंपरेत मोडतो का?

नाही. भाषा स्पॅनिश, चित्रपट हॉलिवूडचा. युनिव्हर्सलने बेला लुगोसीच्या 'ड्रॅक्युला'च्याच सेटवर, दिवसपाळी संपल्यावर रात्री, जॉर्ज मेलफर्डकडून करवून घेतला. ड्रॅक्युला झालेला कार्लोस व्हियारियास मात्र स्पेनमधल्या कोर्दोबाचा. पाहा जरूर, कॅमेरा इंग्रजी भावंडापेक्षा जास्त फिरता आहे.

प्रश्न : 'ला काम्पाना देल इन्फिएर्नो'चा दिग्दर्शक चित्रीकरणातच मेला हे खरं की प्रसिद्धीसाठी रचलेलं? आणि चित्रपट घरच्यांसोबत पाहण्यासारखा आहे का?

खरं आहे. गालिसियातल्या नोइया गावातल्या सान मार्तिन चर्चचा एक मनोरा मुळात अपुरा. चित्रपटासाठी तिथे खोटा मनोरा उभारला होता. १९७३ च्या फेब्रुवारीत क्लाउदिओ गेरीन तिथून पडून मरण पावला. उरलेलं काम हुआन आंतोनिओ बार्देमने पुरं केलं.

चित्रपट या यादीतला सर्वांत विखारी. वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेला तरुण मावशी आणि तिच्या मुलींवर सूड उगवायला निघतो, आणि हत्यार म्हणून थट्टा वापरतो. पण तो कत्तलखान्यात काम शिकतो तो प्रसंग खराखुरा आहे, जनावरं खरीच मारलेली दिसतात. तसंच 'एल होरोबादो दे ला मोर्गे'त (१९७३). त्यातले पेटलेले उंदीर जिवंत होते. ज्यांना हे सोसत नाही त्यांनी दोन्ही टाळावेत. नंतर 'आधी सांगायचं होतं' म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न : क्रिस्टोफर लीला घेऊन हेसुस फ्रांकोने केलेला ड्रॅक्युला फार रटाळ वाटला. मी काही चुकवलं का?

'एल कोन्दे द्राकुला' (१९७०) रटाळ आहेच, विशेषतः उत्तरार्ध. लांडगे म्हणून चक्क जर्मन शेफर्ड धावतात. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मात्र चोख : पांढऱ्या मिशांचा म्हातारा ड्रॅक्युला, रक्त पीत जाऊन हळूहळू तरुण होणारा, कादंबरीत आहे तसा. लीला हॅमरमध्ये हे कधी करायला मिळालं नव्हतं.

चुकवलं असेल ते त्याचं जोडपत्र. याच चित्रीकरणाच्या वेळी पेरे पोर्ताबेया हा कातालान दिग्दर्शक कॅमेरा घेऊन सेटवर फिरत होता. त्याचा 'कुआदेकुक, वाम्पिर' (१९७०) कृष्णधवल, टोकाच्या काळ्या-पांढऱ्यात, आणि संवादाविना. तेच प्रसंग, पण धुराचं यंत्र चालवणारा माणूस दिसतो, शवपेटीतल्या लीवर कोळ्याचं जाळं फवारताना दिसतं. आणि तरीही मूळ चित्रपटापेक्षा हाच जास्त भीतिदायक. दोन्ही लागोपाठच्या रात्री पाहा, आधी फ्रांकोचा, मग हा. क्रम उलटा केला तर पहिला बघवणार नाही. शेवटी ली मेकअपच्या खोलीत बसतो, चेहऱ्यावरचा ड्रॅक्युला उतरवतो, आणि पुस्तक उघडून स्टोकरने लिहिलेला ड्रॅक्युलाचा मृत्यू मोठ्याने वाचतो. संपूर्ण चित्रपटात माणसाचा आवाज तेवढाच. त्यामुळे आधी तासभर कोणीच बोलत नाही याचा कंटाळा आला तरी आवाज बंद करू नका, आणि पुढेही ढकलू नका.